जयवंतेनं मिसरी सोडली

जयवंतेला अर्धा जन्म नाक होतं ते फक्त नथ घालायला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ती आईच्या पदराला धरून पहिल्यांदा शिरली, तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. धुरळ्यानं शिंकून शिंकून पोर बेजार झाली, तशी आईनं तिच्या हिरड्यांवर चिमूटभर मिसरी चोळली आणि म्हणाली, आता काय व्हायचं न्हाय. तव्यावर कोळसा होईस्तोवर भाजलेली, कुटून भुकटी केलेली तंबाखू ती. पोरीचं डोकं गरगरलं, पोटातलं बाहेर आलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच बोट पुढं केलं. शिंका गेल्या. वासही गेले. गटार काय नि मोगरा काय, जयवंतेला दोन्ही सारखेच.

मिसरी दातांसाठी असते हे सांगायचं लोकांना. वखारीतल्या बायकांना ती लागायची भुकेसाठी. सकाळी हिरड्यांवर बोट फिरवलं की दुपारच्या भाकरीची आठवणच येत नसे, आणि दुपारची भाकरी बहुतेक वेळा आठवणीतच असे.

तिचा नवरा सिद्राम त्याच वखारीत पोती वाहायचा. धुरळा छातीत बसला, खोकला लागला, आणि चाळिशीच्या आत तो भिंतीला टेकून बसणारा माणूस झाला. मिशनच्या दवाखान्यात औषधाची वाट बघत बसलेल्या रोग्यांना कुणी ना कुणी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं. सिद्राम आधी औषधासाठी गेला, मग ऐकण्यासाठी जायला लागला, आणि एका वर्षात त्याचा बाप्तिस्मा झाला. जयवंतेचा अडला. का, तर मिशनला मिसरी चालत नसे, आणि तिचं बोट काळं.

चर्चच्या पाळकांची बायको, पाळकीणबाई मालुबाई, या नगरकडच्या. त्यांची भाषा इस्त्री करून घडी घातलेली. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी त्या बायकांना ओळीनं उभ्या करीत आणि म्हणत, "आपापली बोटे दाखवा पाहू." मिसरीचं बोट लपत नाही, नखाच्या कडेला काळी रेघ राहतेच. पहिल्या वर्षी जयवंतेनं छातीठोकपणे सांगितलं की हे वखारीतलं, कामाचं. तेव्हा ते खोटं होतं. मालुबाईंनी फक्त मान हलवली आणि पुढच्या बाईकडं वळल्या.

सिद्रामाची एकच मागणी होती. छाती साथ देतेय तोवर चर्चमधल्या प्रभुभोजनाला एकदा दोघांनी शेजारी बसायचं. तो भाकरीचा तुकडा घ्यायचा तेव्हा बाप्तिस्मा न झालेली बायको मागं दाराशी चपलांजवळ बसलेली असायची, आणि तो तुकडा त्याच्या घशाखाली उतरत नसे. म्हणून या खेपेला पुनरुत्थानाच्या सणाआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला तशी जयवंतेनं मिसरी सोडली. खरोखरची.

आणि मग नाक परत आलं.

आधी स्वतःच्या तोंडाची चव कळली. चुलीतली राख चाटल्यासारखी. मग सिद्रामाची वाकळ, कफाची, आंबट. मग दाराबाहेरचं गटार, मग वखार: घामानं भिजलेली लुगडी, कुजकी पानं, आणि मुकादम भरमूच्या अंगावरचं तेल. लोकांत जगायचं म्हणजे एवढी घाण रोज आत ओढायची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात भूक, उघडीनागडी. भरमू येता-जाता चिमूट पुढं करायचा. अर्धं कानडी, अर्धं मराठी आणि सगळं नाकातून बोलायचा. "तगो, घे की मेमसायेब. बेग बेग, बिगीबिगी. तुजा येसू हितं पोती मोजाय येतोय व्हय?" बायका खिदळत. जयवंतेच्या तोंडाला पाणी सुटे आणि त्या पाण्याचीच तिला ओकारी येई.

आधार एकच होता, अंबूबाईचा. अंबूबाई बेळगावहून आलेली बायबलबाई. घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणं आणि अक्षरं शिकवणं हे तिचं काम. एरवी ती जयवंतेसारखंच बोलायची, पण पुस्तक उघडलं की गळ्यात निराळीच बाई येऊन बसायची. "मिसरी म्हंजे," आणि इथं सूर चढायचा, "सैतानानं तव्यावर भाजलेली तपकीर, जयवंते!" मग जिभेला बोट लावून ती पुढचं पान उलटायची.

त्या दिवशी अरण्यातली गोष्ट चालली होती. ख्रिस्त उपाशी, आणि सैतान म्हणतोय, या धोंड्यांच्या भाकरी कर की. जयवंता एकेक अक्षर चाचपत होती. तिला वाटलं, सैतानाला भुकेतलं काय कळतंय? भाकरी कशाला, नुसती मिसरी दाखवायची. अक्षरं बारीक, डोळे कच्चे, म्हणून ती अगदी पानावर वाकली. आणि पानातूनच वास आला.

मिसरीचा.

तिनं पुन्हा हुंगलं. पानाचा खालचा कोपरा तपकिरी झाला होता. त्याच्या मागच्या पानाचाही. जिथं जिथं अंबूबाईचं ओलं बोट लागलं होतं, तिथं तिथं तो वास होता, ओला, जळका, ओळखीचा. हिरड्या झिणझिणल्या. शास्त्राच्या पानावर लाळ गळायची वेळ आली. जयवंतेनं वर बघितलं. अंबूबाईचं बोट राखेनं नि लिंबानं घासून कसं पांढरंफेक, आणि चेहरा अरण्यातल्या देवदूताचा.

इतकी शिसारी तिला गटाराची आली नव्हती. तोंडाला पदर लावून उरलेली गोष्ट तिनं लांबूनच वाचली.

पुढचे दिवस वाईट गेले. ती लावते आणि बायबलबाई होते, मी सोडते आणि दाराशी बसते, असं मनात घोळवत ती तंबाखूतल्या काड्या निवडायची. मालुबाईंपुढं ते कसं सांगायचं, कुठल्या शब्दावर थांबायचं, अंबूबाईचा रंग कसा उडेल, हे सगळं ती रंगवायची. त्यात बरं वाटायचं. काही वेळ भूकही लागायची नाही.

बोटं बघण्याचा दिवस आला. मालुबाईंच्या शेजारी अंबूबाई उभी. जयवंतेचं बोट काळंच, कारण दिवसभर तंबाखू चिवडणाऱ्या बाईचं बोट दुसरं कसलं असणार?

"हे काय, जयवंताबाई?"

"वखारीतलं हाय, बाई. कामाचं."

"गतवर्षीही आपण हेच म्हणाला होता," मालुबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

जयवंतेनं अंबूबाईकडं पाहिलं. अंबूबाई फरशी बघत होती. आता एक वाक्य, की संपलं. जयवंतेनं तोंड उघडलं. आणि हिरड्या झिणझिणल्या, अगदी तशाच, बोट फिरवल्यावर पहिल्या क्षणाला होतात तशा. तीच चव. इतके दिवस मनातल्या मनात ती काय चघळत होती, ते तिला तेव्हा कळलं. तिनं तोंड मिटलं.

तिचा बाप्तिस्मा पुन्हा पुढं गेला.

घरी सिद्रामानं तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. बराच वेळ खोकून झाल्यावर त्यानं विचारलं, "लावलीस?"

"न्हाय."

"आ कर."

तिनं आ केला. त्यानं नाक जवळ आणलं, हुंगलं, आणि हताश होऊन भिंतीला टेकला. "मला तरी कुठला वास येतोय, माजंबी नाक वखारीनंच खाल्लंय," तो म्हणाला. दोघांनाही हसू आलं, आणि ते त्याच्या खोकल्यात बुडालं.

सण झाल्यावर अंबूबाई आली. पुस्तक काखेत होतं, पण गळ्यातली ती दुसरी बाई आली नव्हती.

"तुला ठावं हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"कवापासनं?"

"सैतानानं धोंडं दाखवल्यापासनं."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"बोलाय तोंड उघडलं, तर मिसरीची चव आली, आक्का."

अंबूबाई उंबऱ्यावरच बसली. मालुबाईंना मी सगळं सांगून आले, म्हणाली. त्यांच्या भाषेची इस्त्री पहिल्यांदाच मोडली होती, त्या नुसत्या "अगं बाई!" म्हणून खाली बसल्या होत्या. आता शिक्षा म्हणून सुगीच्या उपकारस्तुतीच्या सणापर्यंत अंबूबाईनं चारचौघींत शास्त्र वाचायचं नव्हतं. एवढं सांगून तिनं कमरेची पितळी डबी काढली. "माज्या हातानं टाकवंना. लई येळा टाकली, आणि गटारातनं परत काढली. तू टाक."

जयवंतेनं डबी घेतली. घ्यायला नको होती. ती हाताला ऊब देत होती, आणि परसापर्यंत जाताना तिचं झाकण कसं उघडलं ते तिलाही कळलं नाही. वास थेट टाळूला गेला. तोंडात पाणी भरलं. त्या पाण्याची, त्या डबीची, उंबऱ्यावर बसलेल्या बाईची आणि स्वतःची अशी एकदमच घाण वाटली की तिनं डबी झाकणासकट संडासाच्या खड्ड्यात भिरकावली. खड्ड्यातनं तरी अंबूबाई काढणार नाही.

"डबी तरी ठिवायची," अंबूबाई उंबऱ्यावरनं पुटपुटली. "पितळंची हुती."

जयवंतेनं राखेनं हात घासले, एकदा, पुन्हा. मग तांब्याभर पाणी तिच्यापुढं आदळलं. "त्वांड धू. आणि पान उलटायचं ते कोरड्या बोटानं."

उपकारस्तुतीच्या सणाला जयवंतेचा बाप्तिस्मा झाला. बोट तेवढंच काळं होतं. मालुबाईंनी ते धरलं, निरखलं आणि काही न विचारता सोडलं. सिद्राम त्या दिवशी भिंतीला न टेकता बसला. तुकडा त्याच्या घशाखाली उतरला की नाही, हे जयवंता तिरक्या नजरेनं बघत राहिली. उतरला.

पुढल्या थंडीत तो गेला. अंबूबाई मात्र रोज सकाळी वखारीच्या भोंग्याआधी येत राहिली, पार दोघींचे केस पिकेपर्यंत. दारात येऊन ती थांबायची. जयवंता आधी पुस्तकाकडं बघायची नाही.

"आ कर, आक्का."

अंबूबाई आ करायची. जयवंता नाक जवळ न्यायची, कपाळाला आठ्या घालून हुंगायची आणि तोंड फिरवायची. "कालचा लसूण," म्हणायची, "श्शी. बस. वाच."