सुरमईचा डोळा
जुन्या चित्रवहीतल्या एका पानाला अजून मासळीचा वास मारतो. पुस्तकांसाठी मासे रंगवायला नुकती सुरुवात केली होती. मालवणच्या बाजारात एका मासेवालीच्या टोपलीसमोर बसून मी सुरमई काढत होतो, दिसली तशीच, खोल गेलेल्या दुधाळ डोळ्यासकट. मागून एक गिऱ्हाईक डोकावलं, त्याने चित्रातला डोळा पाहिला, मग टोपलीतला, आणि दर न विचारताच ते निघून गेलं. मासेवाली उसळली, "सकाळपासून एक गिरायक इलेला, ता पण घालवलंस. डोळो ताजो कर, नायतर ऊठ हयसून." मी म्हटलं, "आहे तसाच काढणार." तिने बर्फाचं पाणी पानावर ओतलं. तिला तोंडावर लबाड म्हणून मी उठलो. आता संपादक म्हणतात, "डोळा जरा ताजा करा," आणि मी मुकाट्याने करून देतो.