साहेबांचे मासे आणि गिरजाबाई

दिघीची गिरजाबाई कुणाला भीत नसे. नळावर तिच्याशी भांडण उकरून काढायची कुणाची छाती नव्हती. पण शहात्तर साली ती विमानात बसली, तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. भीती विमानाची कमी, मांडीवरच्या पिशवीची जास्त.

त्याचं असं झालं. पिंपरीच्या ज्या साहेबांकडे ती कामाला होती, त्यांची बंगलोरला बदली झाली. साहेब पुढे गेले. मागून त्यांच्या बायको नीलाबाई तान्ह्या बाळाला घेऊन विमानानं निघाल्या, आणि आठ दिवस हाताशी म्हणून गिरजाबाई. साहेबांचा सगळा जीव काचेच्या टाकीतल्या चार सोनेरी माशांत. त्यांच्याच कंपनीत गिरजाबाईचा नवरा धोंडीबा गॅस कटर होता, गॅसच्या ज्योतीनं लोखंडी पत्रे कापणारा. टेंपरवारी, आज आहे उद्या नाही. जाताना साहेब त्याला हसत म्हणाले होते, की मासे जिवंत पोचू देत, मग तुला कायम करायची चिठ्ठी लिहितो. साहेबलोकांना हसायला काय जातं?

धोंडीबानं प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि मासे घातले, वर कामावरच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन भरला. ट्रकच्या टायरात हवा भरावी तसा टच्च. तोंडाला रबराचे आठ वेढे दिले आणि बायकोला बजावलं, "काय बी होऊ दे, तोंड सोडू नको. आत त्यांचा जीव हाय."

वर गेल्यावर हवा विरळ होते आणि पिशवी फुगते हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? विमान चढू लागलं तशी ती फुगायला लागली. आधी गिरजाबाईला भास वाटला. मग प्लास्टिक ताणलं जाऊन पांढुरकं पडलं, बोट लावलं तर ढोलकीसारखं वाजलं. नीलाबाईंना विचारावं, तर त्या बाळाला छातीशी धरून ओकत होत्या. पिशवी फुटली तर मासे गेले, चिठ्ठी गेली. सोडली तर आतला जीव बाहेर गेला, आणि तोही नवऱ्यानं बजावलेलं असताना.

शेवटी देवाचं नाव घेऊन तिनं एकेक वेढा उलगडला. सातव्याला रबर तुटलं. फुस्सकन हवा निघाली, तशी तिनं पिशवीचं तोंड पिळून मुठीत आवळलं, ते बंगलोर येईपर्यंत सोडलं नाही. बोटं काळीनिळी पडली, हात बधिर झाला, तरी माशांचे कल्ले हलतात की नाही एवढंच ती बघत राहिली.

चारही पोचले. चिठ्ठी आली, धोंडीबा कायम झाला. त्याला आता पाच वर्षं झाली. ओव्हरटाइम करून आला तरी पारावर तो अजून सांगतो, "आपल्या हातची पिशवी, राव. आभाळात गेली तरी तोंड सुटलं न्हाई." नळावर सगळ्यांना गप्प करणारी गिरजाबाई यावर एक शब्द बोलत नाही. वरून काय दिसलं असं शेजारणींनी विचारलं, तर तेही तिला सांगता येत नाही. तिनं खाली बघितलंच नव्हतं.

लोहगावच्या विमानतळावरून उडालेलं विमान दिघीवरून जातं. त्याचा आवाज आला की भाकरी थापताना तिचा उजवा हात थांबतो आणि पिठासकट घट्ट मिटतो. विमान पार दिसेनासं होईपर्यंत ती तो उघडत नाही.