चौथी ओळ, अकरावी जागा

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४. सकाळी कोरडं ऊन. पाडवा आणि मृतांचा दिवस यंदा एकाच तारखेला. वरच्या मजल्यावरच्या शमिकाने फराळाचं ताट आणून दिलं. सव्वानऊला रिक्षाने कब्रस्तानात. सहा मेणबत्त्या, शेवंतीच्या दोन जुड्या. फाटकावर नवी यादी लावली आहे. संताजी आले नाहीत.

शेवटचं वाक्य साधं दिसतं, पण माझ्या डायऱ्यांत ते त्या दिवशी पहिल्यांदा आलं. संताजी पुढे जानेवारीत गेले. त्यांना अग्नी दिला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जागा सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःला जागा लागली नाही. म्हणून त्यांच्याबद्दल मला ठाऊक आहे ते लिहून ठेवते.

त्यांचे पणजोबा दरबारच्या फौजेत घोडेस्वार होते. फौज मोडली, घोडी गेली आणि घरातला एकजण गोऱ्यांच्या कब्रस्तानात माळी म्हणून लागला. तेव्हापासून ते काम घरातच राहिलं. संताजींचे वडील, नाना, कबरींची नोंदवही लिहीत. ती संताजींकडे आली. अक्षर मोठं, नववी पास माणसाचं, पण एकही खाडाखोड नाही. प्रत्येक कबरीला एक ओळ: कितवी रांग, कितवी जागा, कोण, वारस कोण, आणि शेवटचा रकाना, 'शेवटचं कोण आलं'. त्या रकान्यात ते फक्त तारीख आणि नातं लिहीत. 'नातू आला.' 'बहीण आली.' रकाना पंचवीस वर्षं कोरा राहिला तर ती जागा परत घ्यायची, असा कब्रस्तान सांभाळणाऱ्या मंडळाचा जुना नियम होता. तो पाळण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती.

कब्रस्तान आम्हा ख्रिस्ती लोकांचं, संताजी हिंदू. आत येताना चपला काढत, आत कधी चहा प्यायले नाहीत. कबरींना सकाळी "राम राम" घालत. म्हणायचे, "मिसजी, असे भाडेकरू शोधून नाही भेटणार. ना नळाची तक्रार, ना आवाज." मी शाळेत शिकवत असे, म्हणून मी त्यांची 'मिसजी'. त्यांची बायको सखुबाई फाटकाबाहेरून ओरडायची, "घराचं छत गळतंय आणि हे इथं मेलेल्यांना चुना लावताहेत." ते हसून चुन्याचा डबा हलवून दाखवायचे.

आमची मधुरिमा १९७९ च्या मार्चमध्ये गेली. एकोणीस दिवसांची होती. मी बाळंतिणीच्या खाटेवर होते, मला नेलं नाही. माझे यजमान अशोक आणि फादर एक लहान पेटी घेऊन गेले. परत आल्यावर अशोक एवढंच म्हणाले, "चौथी ओळ, अकरावी जागा." मी ते त्याच दिवशी लिहून ठेवलं. महिन्याभरात त्यांची खांडव्याला बदली झाली. इंदूरला परतलो ते १९८८ मध्ये. त्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा कब्रस्तानात गेले. अशोक फाटकापर्यंत आले आणि रस्त्याकडे तोंड करून स्कूटरवर बसून राहिले. ते कधीच आत आले नाहीत. मी फाटकातून चार ओळी मोजल्या, डावीकडून अकरा जागा मोजल्या. विटांची एक लहान चौकट होती, दगड नव्हता. एकोणीस दिवसांचं नाव दगडावर घालू नकोस, असं अशोक म्हणायचे. मी खाली बसले आणि तिला नावाने हाक मारली.

त्या दिवशीची नोंद आहे: 'उठताना पदर मागून ओढल्यासारखा वाटला. काटेरी झुडूप नाही. पाहिलं.' १९९४ मध्ये तीच नोंद आहे, २००३ मध्येही. अशोक २०११ मध्ये गेले, त्यांना आठव्या ओळीत ठेवलं. त्या वर्षीच्या नोंदीत पदर दोनदा आहे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नन्सनी आम्हाला जे झालं तेवढंच लिहायला शिकवलं होतं. मी तेवढंच लिहिलं आहे. मनातून मात्र मी समजून होते की ती माझी मुलगी आहे.

आता त्या शनिवारचं. यादी बेवारस कबरींची होती. तीस दिवसांत कोणी हक्क सांगितला नाही तर जागा मोकळ्या करणार. मी चष्मा लावून वाचलं, ४/११ त्यात नव्हतं. निर्धास्त मनाने आत गेले, आणि आमच्या विटांच्या चौकटीवर लाल रंगाची फुली होती.

मंडळाचा नवा सेक्रेटरी भूषण बाकावर लॅपटॉप घेऊन बसला होता. विजय नगरात कुठल्याशा कंपनीत आहे, शनिवारी सुट्टी म्हणून नोंदवही कॉम्प्युटरवर चढवत होता. बोलायला चांगला आहे.

"आंटी, ही पंधरा-दहा आहे," तो म्हणाला.

"ही चौथी ओळ आहे. मी छत्तीस वर्षं मोजते आहे."

"तुम्ही इस फाटकाकडून मोजताय ना. रजिस्टर जुन्या फाटकावरून आहे. शहाऐंशीमध्ये रोड चौडा केला तेव्हा फाटक इकडे आणलं. आकडे कोणी बदललेच नाहीत, डावं-उजवंपण उलटं झालं. अठरा ओळी आहेत, म्हणजे चौथी तिकडून, ती चिंचेजवळची."

"मग ही कोणाची?"

त्याने वही उलटून दाखवली. मुलगा, वय तीन, ताप, १८९१. नावावर पाण्याचा डाग. शेवटचा रकाना कोरा.

मग त्याने चौथ्या ओळीचं पान काढलं. अकरावी जागा, कन्या, अशोक यांची, १९७९. शेवटचा रकाना भरून पुढच्या पानावर गेला होता. '२ नोव्हेंबर १९८८. आई आली.' '२ नोव्हेंबर १९८९. आई आली.' मी बोट ठेवून मोजलं. छत्तीस वेळा.

मी चिंचेपाशी गेले. भिंतीत जुन्या फाटकाची कमान विटांनी बुजवलेली दिसत होती. तिच्यासमोर लहानशी जागा, कडेला पांढऱ्या विटा, माती भुसभुशीत, गवताची एक काडी नाही. कोणीतरी दर आठवड्याला हात लावल्याशिवाय अशी राहत नाही. मी मेणबत्ती लावली. तिथे काहीच झालं नाही. पदर हलला नाही. चिंचेचं पानही पडलं नाही. इतकी शांतता मला सहन झाली नाही, म्हणून मी तिथूनच रिक्षा करून संताजींच्या घरी गेले.

त्यांना दम लागत होता. उशीला टेकून बसले होते. दारात पाडव्याची रांगोळी होती. सखुबाई म्हणाली, "या मिसजी. आज यांना कब्रस्तानात नाही जाऊ दिलं, तर सकाळपासून तोंड फुगवून बसलेत. सण माझा आहे की मुर्द्यांचा?"

"सखू, चाय ठेव," संताजी म्हणाले. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं. "भूषण भियाने सांगितलं वाटतं."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"पहिल्या वर्षी सांगायलाच आलो होतो. मागे उभा होतो. तुम्ही नाव घेऊन बोलत होता त्याच्याशी. दुधाचं, झबल्याचं काहीतरी. मग कसं सांगणार? म्हटलं, पुढच्या साली सांगू. पुढच्या साली तर हिंमतच गेली." त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. "मुलीची जागा मी बघतो. नानांच्या हातून ठेवलेली आहे ती. तिच्याकडे काही कमी नाही पडू दिलं."

"आणि खोटं लिहिलंत. दर वर्षी."

"आई आली होती, हे खोटं नाही. कब्रस्तानात तर आली होती." मग त्यांनी नजर खाली घातली. "पण सच्ची सांगू, मिसजी? तुम्ही आलात त्या पोराकडे आणि मी लिहिलं मुलीकडे. एक हजेरी दोन जागी कशी लावणार? मी त्याची हजेरी चोरली. म्हणून त्याचं नाव कटतंय. मुलगी तुमची शांत आहे, तिथं मी कधी घाबरलो नाही. पण तिकडून जाताना..."

"काय?"

"धोतराचा सोगा ओढतो. छोटा हात असतो. मागे वळून बघायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय. तुम्ही गेल्यावर त्या दिवशी तर जास्तच. मी म्हणतो, अरे, येईल रे पुढच्या साली."

सखुबाई चहा घेऊन आली होती. तिने कप माझ्यापुढे ठेवला. मी माझ्या नोंदींबद्दल संताजींना कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. चहा प्यायले आणि उठले.

चारच्या सुमारास परत भूषणसमोर बसले. हक्क सांगायला काय लागतं, ते विचारलं.

"एका परिवाराला तीनच जागा, आंटी. तुमच्या तीन आहेत. बेबीची, अंकलची, आणि अंकलच्या बाजूला तुमची राखून ठेवलेली. चौथी सिस्टीम घेत नाही."

अशोकच्या शेजारची ती जागा मी तेरा वर्षं दर रविवारी पाहत आले आहे. तिथे तुळस लावली आहे, कारण मोकळी माती मला पाहवत नव्हती. पंचाहत्तरीकडे आलेल्या माणसाला आपण कुठे असणार हे ठाऊक असणं किती मोठा आधार असतो, हे भूषणला कळायचं वय नाही. मी आठव्या ओळीपाशी जाऊन तुळशीची वाळकी पानं खुडली आणि परत आले.

"माझी काढ," मी म्हटलं. "मला अशोकच्याच कबरीत, त्यांच्यावर ठेवता येईल. तशी पद्धत आहे."

"पक्कं ना, आंटी?"

"पक्कं."

मग नोंदवही मागून घेतली. चौथ्या ओळीच्या पानावर आजची तारीख घालून लिहिलं, 'आई आली.' मग पंधराव्या ओळीचं पान उघडलं. कोऱ्या रकान्यात नात्याऐवजी माझं नाव लिहिलं, 'शारदा आली. १९८८ पासून दर वर्षी, २ नोव्हेंबरला.' ओळ रकान्याबाहेर गेली.

"नातं काय टाकू?" भूषणने विचारलं. "रिकामं सोडलं तर पुढे जात नाही. यात ऑप्शन आहेत. आई, वडील, भाऊ, बहीण, इतर."

"इतर," मी म्हटलं आणि बाकावरून उठले.

पदर मागून ओढला गेला. हळूच, दोन बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा. बाक सिमेंटचा आहे, गुळगुळीत. खिळा नाही. भूषण समोर होता, दोन्ही हात लॅपटॉपवर. मी वळून पाहिलं नाही. संताजींनी ठरवलं होतं, तेच मी ठरवलं.

"थांब," मी म्हटलं. "ते बदल. आई कर."

त्याने बदललं. लाल फुलीवर चुना फिरवायला सांगून मी घरी आले. रात्रीच्या जेवणाआधी डायरीत, सकाळच्याच पानावर खाली लिहिलं:

गॅसचं सिलिंडर आज संपलं, दुसरं जोडलं. शमिकाचं ताट धुऊन ठेवलं, उद्या परत द्यायचं.