अकोल्यात ठेवलेलं पस्तान

बाबांना युरोपात गाडी चालवायची होती. नुसतं जाऊन बघायचं नव्हतं. टूर कंपनीचं नाव काढलं की ते म्हणायचे, "गळ्यात पाटी बांधून मेंढरावानी फिरू काय? त्यापरीस आपलं चिखलदरा बरं." माझा भाऊ जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या घरून निघायचं, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली करून स्वित्झर्लंडमधून परत यायचं, आणि बाबांनी नि त्यानं आलटूनपालटून गाडी चालवायची, असं ठरलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी पहिलं काम केलं ते आरटीओतून परदेशात चालणारा परवाना काढण्याचं.

आखणी माझ्याकडे आली, कारण मी इंग्लिश मीडियमची. खरं तर फोनवर अनोळखी माणसाशी बोलणं मी टाळतेच, भाषा कुठलीही असो. हॉटेलवाल्यांशी मी सगळं ईमेलवर उरकायचे. संध्याकाळी बाबा अमरावतीच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचे, एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी ठेवून. आल्प्समधल्या बोगद्यांची नावं त्यांना पाठ होती.

मी फार बोलत नाही, त्यामुळे मला दिसतं बरंच. एकदा त्यांनी विचारलं, तिकडे गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवतात? उजव्या, मी म्हणाले. जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं. हात धुवून आल्यावर पुन्हा. तिन्ही वेळा आवाज तोच, नुकतंच काही सुचल्यासारखा.

निघायच्या दिवशी नेमकी अमावस्या आली. आई म्हणाली, "तिकीट बदलवा, नाईतर पस्तान ठेवा." जायचा दिवस वाईट असला, की आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवाशाची वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ती उंबरठ्याबाहेर पडली की माणूस निघाला असं धरतात. जाताना ती उचलायची. न जाताच ती घरी परत आणणं मात्र वाईट. मावशी अकोल्याला राहते आणि आमची मुंबईची गाडी अकोल्यावरूनच जाणार होती. मावशी पिशवी स्टेशनवर आणून देईल, असं आईनं परस्पर ठरवूनही टाकलं. पिशवीत बाबांचा निळ्या रेघांचा शर्ट, सुपारी, आणि रुमालात बांधलेले मूठभर तांदूळ.

एक चांगला दिवस बघून आम्ही तिघं ती पिशवी ठेवायला अकोल्याला निघालो. बाबा चालवत होते. अमरावती-अकोला रस्ता त्यांच्या पायाखालचा, अर्धी नोकरी त्यावर गेलेली. तरी मूर्तिजापूरला त्यांनी गाडी उजवीकडे, दर्यापूरच्या रस्त्याला वळवली. ते शाळेत मूर्तिजापूरला होते. आईला वाटलं, जुनं काही बघायचं असेल. थोडं पुढे छोट्या रेल्वेचे रूळ रस्ता ओलांडून जातात. ती गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, रुळांत बाभळी वाढल्यात. बाबांनी रुळांच्या अलीकडे गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"गाडी येऊन राहिली ना."

मागून एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मग बाजूनं गाडी काढत डोकं बाहेर घालून ओरडला, "काका, टिकीट काढलं का? लय वर्सं झाले तिले बंद होऊन!"

आई हसत सुटली. बाबा आयुष्यभर असल्या थट्टा करत आलेत. "तुमचं तं काहीतरीच असते," ती म्हणाली. तिच्याकडे बघून बाबाही हसले. मला मागच्या सीटवरून आरशात त्यांचे डोळे दिसत होते. ते अजून डावीकडे, रूळ जिथून येतात तिकडे लागलेले होते.

मावशीनं पिशवी पुढच्या खोलीतल्या खुंटीला अडकवली. "आता माघार नाई बरं, भाऊजी," ती म्हणाली. "तुमी निघाले."

पुढच्या आठवड्यात मी बाबांना डॉक्टरकडे नेलं, डोकं दुखतं म्हणाले होते त्याचं निमित्त करून. तपासण्या झाल्या. बाबा बाहेर बूट घालत असताना डॉक्टरांनी मला सगळं इंग्रजीत सांगितलं. हे विसरणं वाढत जाणार, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. घरी येईपर्यंत मी ती वाक्यं मराठीत जुळवत होते. आईला सांगितलं तेव्हा त्यातलं निम्मंच बाहेर आलं. ती म्हणाली, "साठी उलटली का विसरतेच माणूस. आन् पस्तान ठेवलं आता." भाऊ फोनवर म्हणाला, "इकडे येऊ दे त्यांना. मी चालवीन सगळं. त्यांना काही सांगू नकोस." बाबांना कोणीच काही सांगितलं नाही. नकाशा रोज पसरत राहिला. मी त्यांच्यासमोर खोल्या बुक करत राहिले.

मग एका रविवारी बाबा म्हणाले, "चाल, मावशीकडे जाऊन येऊ." किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. आई घरीच राहिली, तिचे सांडगे घालणं चाललं होतं.

मूर्तिजापूरला ते म्हणाले, "इथून घे." पुन्हा दर्यापूरचा रस्ता. मी गाडी वळवली. रूळ आले तेव्हा मी आपणहून गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, काच खाली घेतली.

"काहून थांबली वं?" बाबा म्हणाले.

मी डावीकडे, रूळ जिथून येतात तिकडे बघितलं.

"इथं कोनती गाडी येते आता?"

उन्हात बाभळी हलत नव्हत्या. त्यांनी रुळांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्या दिवशी मी खरंच थांबलो होतो ना?"

"हो."

"तुह्या आईले समजलं?"

"तिला वाटलं, तुम्ही थट्टा करताय."

"आन् तुले?"

मी होकारार्थी मान हलवली. ते बराच वेळ हाताचा तळवा गुडघ्यावर घासत राहिले. "मंग खोल्या कायले बुक करून राहिली होती?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "चाल," ते म्हणाले, "वळव गाडी."

मावशीकडे त्यांनी पाणी घेतलं आणि खुंटीवरची पिशवी स्वतः काढली.

"भाऊजी, वापस नेत नसतात ते," मावशी म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

बाबांनी अंगातला शर्ट काढून तो निळ्या रेघांचा घातला. तांदूळ अंगणात चिमण्यांना टाकले. सुपारी खिशात टाकली. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "तुह्या भावाले तू सांग. इंग्रजीत सांग, तुले सोपं जाईन."

आईनं दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांना सांडग्याचं पीठ होतं. ती काहीतरी बोलणार होती, मग तिची नजर शर्टावर गेली. गळ्यापासून खालच्या बटणापर्यंत तिनं तो नीट बघितला. बाबा उंबरठ्याबाहेर उभे होते.

"घरात येऊ काय?" त्यांनी विचारलं.

आई बाजूला सरकली. पिठाचे हात तिनं पदराला पुसले, आणि पुसतच राहिली.