लाल की केशरी

अण्णाजींनी मला फसवलं. सलग दोन उन्हाळे, माझ्या शेजारी उभं राहून फसवलं. आणि त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांना साथ दिली. हे मला कळलं ते अण्णाजी गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी. जेठातल्या एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत... त्रास नाही, इस्पितळ नाही. तेवढं बरं झालं. पण हिशेब बाकी आहेच.

झाशीच्या मानिक चौकात माझं भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात केली ती सायकलवर डबे लादून, चिरगावच्या बाजारात ओरडून. अण्णाजी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, राहायला सिविल लाइन्समध्ये. इथं मराठी घरं मोजकी, म्हणून तोंडओळख होती. मैत्री जुळली ती मात्र एका पितळी घंगाळावरून. त्यासाठी त्यांनी माझ्याशी अख्खी दुपार वाद घातला, माझाच चहा प्यायले आणि काही न घेता उठले. जाता जाता वरून म्हणाले, “रविवारी पहाटे चल, सेठ. तुला न विकता येणारा माल दाखवतो.”

तेव्हापासून दर उन्हाळ्यात रविवारी उजाडताना माझी स्कूटर त्यांच्या दारात. चिरगावच्या रस्त्याला थोडं आत एक तळं आहे. पाणी आटून मधोमध उरलेलं, काठाला बेशरमीची झुडपं, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एकेक चतुर, तो लांब शेपटीचा किडा, पंख पसरून बसलेला. खंड्या, टिटवी, वेडा राघू हे सगळे मला अण्णाजींनी दाखवले. पण चतुर माझे. उडून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसणारं ते पाखरू मला आवडायचं. आपली जागा सोडत नाही! आमचा नियम माझाच, दुकानातला : दोघांनी पाहिलं तर पाहिलं, नाहीतर सौदा रद्द. मी म्हणायचो लाल, ते म्हणायचे केशरी. दुर्बीण या हातातून त्या हातात. “तुझे पूर्वज तलवारवाले ना, म्हणून तू आधी वार करतोस, मग बघतोस,” असं म्हणून ते मला चिडवायचे. काठावर काकडी विकणारी बाई हसायची, “काय सेठ, आज फिर लड़ रए?”

मग गेल्या वर्षापासून अण्णाजी भांडेनासे झाले. पक्षी ओरडला तर दोन शब्द बोलायचे. चतुर दाखवला की लगेच, “हो, लाल. तू म्हणतोस तर लालच.” एके दिवशी दुर्बीण माझ्या गळ्यात घालून म्हणाले, “ठेव तुझ्याकडेच. मला जड होते.” मी उभा आडवा पेटलो. आयुष्यभर गिऱ्हाईक पाहिलंय मी. जो घासाघीस न करता पहिल्याच भावाला मान हलवतो, त्याला माल नको असतो. तो निघायच्या बेतात असतो. या माणसाला आपला कंटाळा आला, हे मी मनाशी पक्कं केलं. विचारायचं कसं? त्या काकडीवाल्या बाईनंही विचारलं, “आज लड़ाई नईं भई?” अण्णाजी नुसते हसले. तो सल घेऊनच मी त्यांना खांदा दिला.

तेराव्याला पंगत उठल्यावर मी दुर्बीण परत द्यायला वहिनींकडे गेलो. जरा तोऱ्यातच म्हणालो, “ही घ्या. त्यांना माझ्याबरोबर बघायचं नव्हतंच.”

वहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं.

“बघणार कशानं, भैया? काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. नुसता उजेड-अंधार कळायचा.”

“पण ते तर माझ्या मागून चालायचे!”

“तुमच्या आवाजामागून. तुम्ही घडीभर गप्प बसता का कधी?” त्या हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. “मी किती वेळा म्हटलं, बता दीजिए. तर म्हणायचे, सेठला कळलं की तो माझा हात धरून चालवेल, आणि हळू बोलायला लागेल. मग जायचं कशाला?”

पक्ष्याला आवाज असतो. चतुराला नसतो... मी तिथंच खुर्चीत बसलो आणि किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला. कंटाळले नव्हते ते. दिसत नसताना, पहाटे उठून, माझी बडबड ऐकायला येत होते! त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दुर्बीण वहिनींनी घेतली नाही. दुकानात गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगली आहे. पट्टा अजून अण्णाजींच्या मापाचा आहे, मला आखूड होतो, तरी मी वाढवलेला नाही. पण राग गेला म्हणून नियम गेलेला नाही. दोन उन्हाळ्यांचे माझे सगळे चतुर रद्द झाले. एकट्यानं पाहिलेले ते. अण्णाजी सुटले. त्यांच्या कटात सामील असलेलं माणूस सिविल लाइन्समध्ये आहे, आणि त्याची नजर उत्तम आहे. तेव्हा वहिनी, जबाब आता तुम्ही द्यायचा. रविवारी उजाडताना स्कूटर दाराशी आणतो. मी काडीवरचा चतुर दाखवीन आणि लाल म्हणेन. तुम्ही नीट बघा, आणि खबरदार लगेच हो म्हणालात तर.