निळीच्या पाण्याचा सुवेझ

बादलीत नीळ टाकली की मला मलकापूरच्या आमच्या शाळेतला सुवेझ कालवा आठवतो. नववीच्या प्रदर्शनासाठी मी आणि माझी जिवलग मैत्रीण दोन समुद्रांमधल्या त्या चिंचोळ्या संयोगभूमीचा नमुना करणार होतो. करणार होतो म्हणजे, माती मी कालवली. आमची काळी माती वाळली की भेगाळते; कालवा खणायच्या आधीच जमीन दुभंगली असती, म्हणून मी ती आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली जपली. मैत्रीण बाकावर बसून मी सांगितलेली माहिती पाठ करत राहिली. पाहुणे आले तेव्हा मी मागे निळीच्या पाण्याची बादली घेऊन उभी होते. तिनं पट्टीनं कालवा कापला, मी पाणी सोडलं, आणि एक समुद्र दुसऱ्याला जाऊन मिळाला. ती खणखणीत आवाजात सांगत होती, की खणताना इजिप्तचे मजूर मेले, मालकी मात्र परक्यांची झाली. आपल्या वऱ्हाडाचा कापूसही याच वाटेनं विलायतेला गेला. पाहुण्यांनी खूश होऊन विचारलं, "नमुना कोणी केला, बेटा?" "मी केला, सर," ती म्हणाली. सकाळीच एक भेग लिंपल्यामुळे माझे हात कोपरापर्यंत काळे होते. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. परवा, इतक्या वर्षांनी, तिचा फोन आला. तिच्या मुलीला शाळेत तसाच नमुना न्यायचा आहे. "तूच करून दे ना वं," ती म्हणाली, "मले कुठं येते तो?"