शकूच्या दोन पाळ्या

चिंचवडच्या त्या लहानशा दवाखान्यात नर्स चार, पण रातपाळी एकट्या शकूची. साल सत्तावन्न. बाकी तिघी लेकुरवाळ्या. शकूच्या लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नव्हतं. मेट्रन सावित्रीबाईंनी सरळ विचारलं होतं, "तुला घरी कोण रडतंय?" झालं. आठवड्याची म्हणून दिलेली पाळी पाच महिने चालली.

सकाळी येऊन ती आडवी व्हायची, पण झोप कसली? नवरा मुरारी पिंपरीच्या कारखान्यात फिटर. त्याचा डबा, धुणं, पाणी. शिवाय दिवेलागणीला लोळणारी सून सासूला, सारजाबाईंना, खपत नसे. छातीत जळजळ, फणीत केसांचे पुंजके. औषधाच्या बाटलीवरचं नाव दोनदोनदा वाचावं लागे. हे ती कुणाला सांगत नव्हती.

तीन महिने ती बाहेर बसली नाही, हे मात्र सारजाबाईंनी बरोबर हेरलं. एवढीशी खोली, मोरीपाशी गोणपाट. तिथं सून दिसेना म्हटल्यावर त्यांनी पुनावळ्याच्या बहिणीकडून हिरवा खण आणवला आणि दार लावून चोरचोळी, म्हणजे तिसऱ्या महिन्यातली गुपचूप ओटी, केली.

"तिसऱ्यात कुनाला सांगायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "नजर लागती."

शकू नर्स होती. पाळी चुकायची दहा कारणं तिला तोंडपाठ होती. तरी तिनं चोळी शिवली आणि घातलीसुद्धा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा ती तीच चोळी घालून होती. "पोटात काही नाही, शकू. अंगात रक्त नाही, डोळ्याला झोप नाही. ही पाळी सोडल्याशिवाय ती पाळी यायची नाही."

शकू तशीच मेट्रनकडे गेली. सावित्रीबाईंनी चोळीकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "दिवस गेलेत का? तसं असलं तर उद्यापासून दिवसपाळी. नियमच आहे."

नुसती मान हलवायची होती.

"नाही, बाई," शकू म्हणाली. "काही नाहीये. आजारी आहे मी."

"मग कशी देऊ? त्या तिघींची पोरं कुणाच्या जिवावर टाकू?"

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. सारजाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"व्हय म्हनायचं हुतंस."

"आणि नवव्या महिन्यात काय दाखवू, आत्याबाई?"

दुसऱ्या दिवशी सारजाबाई, आयुष्यात पहिल्यांदा, दवाखान्याची पायरी चढल्या. मेट्रनपुढं उभ्या राहिल्या. "पोर न्हाई म्हून रातचं काम, आन रातचं काम म्हून पोर न्हाई. ह्यातलं एक तरी सोडा, बाई."

सावित्रीबाई पाळ्यांच्या तक्त्याकडे वळल्या. त्यांनी एक महिना दिवसपाळी लिहून दिली. एकच.

सव्विसाव्या दिवशी शकू गोणपाटावर जाऊन बसली. सारजाबाईंनी लांबून ताट सरकवलं. चोळी त्यांनी आदल्या रात्री, शकूची कंबर दुखू लागली तेव्हाच, घडी करून ट्रंकेत ठेवली होती. "जेव," त्या म्हणाल्या, "आन नीज. दिवा मी लावते."

पुढच्या सोमवारी तक्त्यावर शकूचं नाव पुन्हा रातपाळीत होतं. ते पुसायला सांगायला ती स्वतः गेली.